लाभार्थी म्हणजे कोण?

मोबाइलवरून पैसे द्यावेत, घ्यावेत, घरखर्चाचा हिशेबही त्याच्यावरच ठेवावा, याचे नवल आता कोणाला वाटत नाही. अमरावतीच्या इतवाऱ्यात कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेसुद्धा ठिपक्यांच्या चौकोनासमोर मोबाइल धरून दिले जातात. अकोल्याच्या जनता भाजी बाजारात तराजूशेजारचा लहानसा डबा किती रुपये आले ते मोठ्याने सांगतो आणि मिरच्या तोलणाऱ्या बाईला मान वर करून पाहावेही लागत नाही. माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात तो डबाच सर्वांत शहाणा आहे. विकणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात, हे ज्याने ओळखले त्याला बाजार कळला होता. २०१६ साली यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला भीम ॲप आले, आणि थोड्याच वर्षांत खिशातली चिल्लर नाहीशी झाली. या प्रगतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच की, ही साधने रचताना ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवले गेले तो माणूस वऱ्हाडातला नाही, आणि त्याचा भुर्दंड मात्र वऱ्हाडातल्या माणसाला पडतो.

एकच शब्द घ्या. बँकेच्या ॲपवरून नव्या माणसाला पैसे पाठवायचे तर आधी त्याची नोंद करावी लागते. मराठी भाषा निवडली की तेथे 'लाभार्थी जोडा' अशी अक्षरे उमटतात. आमच्या मोठ्याईला मी ती वाचायला दिली. ती सातवी शिकलेली आहे आणि बचत गटाची वही तीच लिहिते. तिने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "लाभार्थी तं मीच आहो न बाप्पा! आता मले आनखी कोठी जोडते?" २०२४ साली लाडकी बहीण योजना सुरू झाली, तेव्हापासून घरोघरी हा शब्द नांदतो आहे, त्याआधी घरकुलाच्या यादीतून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर होताच. ज्याला सरकारकडून काही मिळते तो लाभार्थी, हा अर्थ गावात पक्का झालेला आहे. कोशात पाहिले तर भाषांतरकाराचे काही चुकलेले नाही. मात्र त्याने मोठ्याईला विचारलेले नाही. आणि पैशाच्या व्यवहाराला आपल्याकडे शब्दांचा तुटवडा होता असेही नाही. जमा, नावे, शिल्लक, उचल, बाकी, इसार, हातउसने, भिशी! हे शब्द वापरून आपल्या आजोबांनी जमिनींचे व्यवहार केले. मोबाइलमध्ये शिरताना यांतले बरेचसे दाराबाहेरच राहिले.

महानुभावांचे रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या तासाला आपण सर्वांनी ऐकलेले आहे की, केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करू म्हटले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही, त्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची काळजी होती. सुमारे सातशे वर्षांपूर्वी एका आचार्याने ग्रंथाची कसोटी म्हणून पंडित नेमला नाही, म्हातारी नेमली. आज ज्याला 'वापरसुलभतेचे संशोधन' असे भारदस्त नाव आहे त्याचे मर्म मला याहून वेगळे वाटत नाही.

तथापि शब्द बदलले की काम झाले असे समजणेही भाबडेपणाचे होईल. खरा घोळ कालगणनेत आहे. घरखर्चाचा हिशेब ठेवणारी बहुतेक ॲप्स प्रथम विचारतात, तुमचे मासिक उत्पन्न किती? नोकरदाराला हा प्रश्न सोपा आहे. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास विकणाऱ्या, कापूस वेचणीप्रमाणे दोन-तीन हप्त्यांत नेणाऱ्या माणसाने येथे काय लिहावे? वरूड-मोर्शीकडचा संत्र्याचा बागाईतदार तर झाडावरचाच माल व्यापाऱ्याला देतो. इसार एकदा, उरलेली रक्कम तोडणीला, आणि तीही आंबिया बहाराची वेगळी, मृगाची वेगळी. सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरते आणि त्यातली उचल वर्षभर फिटत राहते. शेतकऱ्याचा पैसा दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत येतो. तो जातो जून महिन्यात: बियाणे, खत, मजुरी, त्यातच पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. पीककर्ज वेळेत फेडले तर पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेतून व्याजात सवलत मिळते, म्हणून मार्चअखेर हात रिकामा करणारेही पुष्कळ असतात. अशा माणसाच्या मोबाइलवर जून उजाडला की लाल खूण येते: या महिन्यात तुम्ही उत्पन्नापेक्षा अधिक खर्च केला! पेरणी ज्याला उधळपट्टी वाटते त्या यंत्राला हिशेबनीस कोण म्हणेल? महिन्याऐवजी हंगामाचे खाते उघडता आले असते, तर आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे ॲप खरोखर वापरले गेले असते. यासाठी काही नवा शोध लावावा लागत नाही. पेरणी ते पेरणी हे वर्ष आहे, इतके मान्य करावे लागते.

स्त्रियांची गोष्ट आणखी निराळी. आपल्या आयांचे खासगी खाते डाळीच्या डब्यात असे. त्या डब्याचा मोठा गुण असा की तो कोणाच्या हातात गेला तरी बोलत नसे. आता तिचे पैसे बँकेत येतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण मोबाइल घरात एक, तो बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात, आणि पैसे जमा झाल्याचा संदेश पडद्यावर सर्वांदेखत झळकतो. चार अंकी गुप्त क्रमांक नातवाला पाठ असतो, कारण आजीला तो दाबता येत नाही. भीम ॲपच्या मार्च २०२५ मधल्या नव्या आवृत्तीत कुटुंबासाठी एकत्र खर्च पाहण्याची सोय आली. ती उपयोगाचीही असेल. मला मात्र उलटी सोय हवी आहे: एकाच मोबाइलवर दोघांचे व्यवहार असूनही एकाचे दुसऱ्याला न दिसणे.

आता फसवणुकीविषयी. एखाद्याचे पैसे गेले की आपण सुशिक्षित लोक पटकन म्हणतो, "अडाणी आहे, पिन टाकलाच काहून?" यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही, हे आपल्याला माहीत असते. पण आतापर्यंत व्यवस्था कशी होती ते पाहा. कोणीही अनोळखी इसम तुमच्याकडे पैशांची मागणी पाठवू शकत असे. पडद्यावर रक्कम दिसे, खाली बटण असे, आणि फोनवर तो गोड आवाजात सांगे की हे पैसे तुम्हाला येत आहेत. देणे आणि घेणे यांचे दार जवळजवळ सारखेच दिसत असेल तर माणूस चुकीच्या दारातून जाणारच. बँकांनी सूचना पाठवल्या, पोलिसांनी फलक लावले. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून राष्ट्रीय देयके महामंडळाने व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. त्याआधी, ३० जूनपासून, पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्याचे बँकेच्या नोंदीतलेच नाव दाखवावे असा नियम आला. फसवणूक यामुळे संपली असे कोणी म्हणणार नाही. पण जे दार बुजवता येत होते त्याच्यापुढे इतकी वर्षे आपण 'सावध राहा' अशी पाटी लावून बसलो होतो, हे तरी मान्य करू.

मित्रहो, हा विषय अभियांत्रिकीवाल्यांचा आहे असे म्हणून आपण कला शाखेचे विद्यार्थी मोकळे होतो. मला तसे वाटत नाही. जेकब नील्सन या तज्ज्ञाने दाखवून दिले की पाच माणसांना एखादे साधन वापरताना नीट पाहिले तरी त्यातल्या बहुतेक अडचणी उघड होतात. बंगळूरला इंद्राणी मेढी यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या लोकांसोबत बसून मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या निरनिराळ्या रचना तपासल्या; अक्षरांपेक्षा चित्रे आणि आवाज लोकांना अधिक पसंत पडले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले. या कामाला मुख्यतः शेजारी बसून गप्प राहणे जमावे लागते. समोरचा अडखळला की "असं नाही, तसं करा" म्हणण्याची उबळ दाबावी लागते, आणि तो काय पुटपुटतो ते त्याच्याच बोलीत टिपावे लागते. ज्यांच्या नावाचे आपले विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत. हे थांबणे समाजशास्त्राच्या आणि मराठीच्या वर्गात शिकवता येते. वऱ्हाडी कळण्याचा फायदा तर आपल्याला जन्मजात आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीला क्षेत्रप्रकल्प आलेला आहे. दरवर्षी तेच सर्वेक्षण, तीच छापील प्रश्नावली, त्याच 'होय' आणि 'नाही'च्या टक्केवाऱ्या भरण्याऐवजी एका गटाने पाच माणसे निवडावीत. अकोल्याच्या बाजार समितीतला एखादा हमाल, वरूडकडचा बागाईतदार, बचत गटाची सचिव, मोतीबिंदू झालेले निवृत्त गुरुजी आणि महिनाभरापूर्वीच मोबाइल हाती आलेली एखादी बाई. प्रत्येकाला एकच काम द्यावे: ओळखीच्या माणसाला एक रुपया पाठवा, आणि तो गेला की नाही ते आम्हाला दाखवा. रुपया गटाच्या वर्गणीतला असावा. पिन टाकताना मान दुसरीकडे वळवावी. अहवाल मराठीतच लिहावा, बोलीतली वाक्ये 'शुद्ध' न करता. त्याची एक प्रत विभागात ठेवावी आणि एक ज्या बँकेचे ॲप पाहिले तिच्या शाखेत नेऊन द्यावी, पोच घेऊन.