थिऑलॉजी शिकू द्या, पण नीट

बी.ए. झालेली मुलगी घरी म्हणाली, ‘मला बी.एड. नको, थिऑलॉजी करायची आहे,’ तर आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे पाळक होणार का काय?’ दुसरा लगेच, ‘पगार किती?’ आणि मुलगा असेल तर तिसरा, ‘याला मुलगी कोण देईल?’ या प्रश्नांना हसण्याचं कारण नाही. पारनेरसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात पोटाचा विचार आधी करावाच लागतो. पण बोलणं तिथंच संपतं आणि चौथा प्रश्न कुणी विचारत नाही: ही मुलगी नेमकं काय शिकणार आणि ते आपल्या गावाच्या कामी कसं येणार? त्या चौथ्या प्रश्नासाठी हे लिहितो आहे. पारनेर, सुपा, निघोज, टाकळी ढोकेश्वर इथल्या ख्रिस्ती मंडळींसाठी आहे, पण श्रीगोंद्यात किंवा राहुरीत कुणी वाचलं तर माझी ना नाही.

थिऑलॉजी, म्हणजे ईश्वरविज्ञान, म्हटलं की जाड पुस्तकं आणि लांब उपदेश डोळ्यांसमोर येतात. पण तिचे प्रश्न आपल्या ओसरीवरच पडलेले आहेत. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या पोराच्या कंपनीत दसऱ्याला मशीनची पूजा होते. सगळे हात जोडतात, पेढा वाटला जातो. यानं हात जोडायचे, नुसतं उभं राहायचं, की चहा प्यायला बाहेर जायचं? पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाची यात्रा करून आलेल्या शेजारणीनं प्रसाद आणून दिला, तर तो घ्यायचा का? चुलत्याच्या दहाव्याला जायचं तर कुठवर थांबायचं? मंगळसूत्राच्या वाट्यांमध्ये सोन्याचा लहानसा क्रूस ओवला की प्रश्न मिटतो का?

आज या प्रश्नांना आजी एक उत्तर देते, पाळकसाहेब दुसरं आणि मोबाईलवरचा उपदेशक तिसरं. सगळ्यांत मोठा आवाज अर्थातच मोबाईलवाल्याचा असतो. तो एक वचन उचलतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. आता हाच प्रश्न शिकलेला माणूस कसा हाताळतो ते बघा. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना नेमकी हीच अडचण होती. बाजारात मिळणारं मांस बऱ्याचदा मूर्तीपुढे वाहिलेलं असायचं. पौलानं त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या ते दहाव्या अध्यायांत याचा खल केला आहे. मूर्ती म्हणजे काहीच नाही हे ज्याला कळलं त्याला खाण्याची मोकळीक आहे, पण त्या मोकळिकीमुळे कच्च्या मनाचा भाऊ अडखळणार असेल तर खाऊ नको, असं तो म्हणतो. देवळातल्या पंगतीला बसण्याला त्याचा विरोध आहे. कुणी घरी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा, असंही तोच सांगतो. पण ‘हे वाहिलेलं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नको.

म्हणजे एकाच पत्रात निदान चार परिस्थिती आहेत आणि चारांना वेगळी उत्तरं आहेत. दसऱ्याचा पेढा यातल्या कुठल्या परिस्थितीत बसतो? शेजारणीचा प्रसाद कुठल्या? शेजारणीचं मन कसं राखायचं आणि आपलंही कसं? हे ठरवायला करिंथ कळावं लागतं आणि कोरठणही कळावं लागतं. आपले बरेचसे उपदेशक करिंथबद्दल बोलतात. कोरठणबद्दल गप्प बसतात, नाहीतर आरडाओरडा करतात. ख्रिस्ती ईश्वरविज्ञान आणि आजची संस्कृती यांचा एकत्र अभ्यास करायचा तो एवढ्यासाठीच. माझ्या मते याहून गरजेचा अभ्यास आपल्या मंडळ्यांना आज दुसरा नाही.

कुणी म्हणेल, ही शहरी थेरं आहेत. तसं नाही. असा विचार आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) जुना आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. त्या मिशनचे रॉबर्ट ह्यूम मुंबईत जन्मलेले आणि सुमारे पन्नास वर्षं नगरला राहिलेले. शहरातलं ह्यूम मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. ख्रिस्ताचं नावही न ऐकता गेलेल्या वाडवडिलांचं काय, हा प्रश्न नव्या विश्वासूंच्या घराघरांत होता. ह्यूमसाहेबांनी तो टाळला नाही. अशा माणसांना मृत्यूनंतर संधी मिळेल अशी आशा धरायला हरकत नसावी, असं त्यांनी १८८६ साली सुट्टीवर असताना अमेरिकेत बोलून दाखवलं. बॉस्टनच्या मिशन बोर्डात खळबळ उडाली. त्यांना परत पाठवावं की नाही यावर वाद झाला आणि शेवटी पाठवलं. इकडच्या माणसांची आपल्या आज्या-पणज्यांबद्दलची काळजी बॉस्टनच्या विद्वानांना जागं ठेवू शकली, हे आपल्या संडे स्कूलमध्ये कुणी सांगत नाही.

नंतर रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, मग नगरला मुक्काम, तिथल्या सेमिनरीत शिकवणं. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते उघड सांगत, आणि त्यांची ख्रिस्ती भजनं त्या वाटेची खूण अंगावर वागवतात. दर रविवारी ‘उपासना संगीत’ उघडून आपण ती गातो. पण तुकोबांना गुरू मानणारे निळोबाराय ज्या पिंपळनेरचे, ते पिंपळनेर आपल्याच तालुक्यात आहे. टिळकांची भजनं आणि निळोबारायांचे अभंग शेजारी ठेवून अभ्यास करणारा विद्यार्थी पारनेरातून निघाला, तर त्याला विषय शोधायला बंगलोरला जायची गरज नाही. शेवटच्या काळात टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. हे बरोबर की चूक, यावर आजही तावातावानं बोलता येईल. बोला. पण आधी वाचा.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या कुठल्या कॉलेजात गेल्या नव्हत्या. तरी ‘स्मृतिचित्रे’ वाचताना सोवळंओवळं, पाणी, जेवण, जात, नवरा आणि देव यांचा त्यांनी जो निवाडा केला आहे, तो भल्याभल्या प्रबंधांत सापडत नाही. पदवी म्हणजे सर्वस्व नव्हे, हे या बाईंकडे बघून कळतं. आणि इथल्या संस्कृतीशी आपल्या नात्याचं म्हणाल, तर नगरच्याच ख्रिस्ती मोडक घराण्यातले शाहू मोडक १९४० साली प्रभातच्या सिनेमात ज्ञानेश्वर झाले. कृष्णाच्या भूमिका त्यांनी किती केल्या याची मोजदाद अवघड. लोकांनी त्यांना पडद्यावर पाहून हात जोडले. इथली संस्कृती ‘त्यांची’ आणि आपण बाहेरचे, असं जे म्हणतात, मग ते चर्चमधले असोत की चर्चबाहेरचे, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

आता एक अवघड गोष्ट. आपल्यातली बरीच घरं महार-मांग समाजातून ख्रिस्ती झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. त्यामुळे घराघरांत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: दाखल्यावर एक, रविवारी एक. यावर चर्चमध्ये कुणी बोलत नाही. या प्रश्नाला हात घालणारा माणूस मराठीच होता. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात एक भाषण दिलं आणि तिथून दलित ईश्वरविज्ञान नावाची वाट पडली. दलितांच्या दुःखातून देवाबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर ते बोलणं उसनं, असा त्यांचा रोख. जगभरच्या सेमिनरींत त्यांचं इंग्रजी लेखन अभ्यासलं जातं. आपल्या मंडळीत त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्म का नाकारला, यावर तरी आपण कधी शांतपणे बसून बोललो का? जो अभ्यासक्रम या दोन प्रश्नांना बगल देतो, तो महाराष्ट्रातल्या पोराला अर्धंच शिकवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्यवहाराचं बोलू.

आधी साधी पदवी घेऊ द्या: मराठी, इतिहास, समाजशास्त्र, काहीही. बारावीनंतर लगेच बी.टी.एच.ला (थिऑलॉजीच्या पदवीला) पाठवण्याची घाई नको. पुढे काही बिनसलं तर हातात विद्यापीठाची पदवी असावी. पदवीधराला बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) साधारण चार वर्षांची, त्यावर एम.टी.एच. दोन वर्षांची. प्रोटेस्टंटांच्या बऱ्याच सेमिनरी सेरामपूरच्या सिनेटला जोडलेल्या आहेत. विल्यम केरी आणि त्यांच्या साथीदारांनी १८१८ साली काढलेलं हेच ते सेरामपूर कॉलेज; त्याच सेरामपूरहून, कॉलेज निघण्याआधी, १८११ मध्येच मराठी नवा करार छापून निघाला होता. पदव्या देण्याचा कॉलेजचा अधिकार १९१८ च्या बंगाल सरकारच्या कायद्यानं पक्का झाला. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आहे, आणि १९८३ मध्ये यवतमाळहून बिबवेवाडीला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. कॅथलिकांचं ‘ज्ञानदीप’ १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आलं. ते रामवाडीला नगर रोडवरच आहे. पारनेरहून सुपा-शिरूरमार्गे जाणारी आपली एसटी त्या भागातून जाते, आणि आपण खिडकीतून मेट्रो स्टेशन बघत पुढे जातो.

कुठंही पाठवा, पण प्रवेशाआधी चार गोष्टी लेखी विचारा. पदवी देणार कोण? ती कुठल्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणाला चालते? फी, मेस आणि हॉस्टेल धरून वर्षाचे किती? आणि तिथं मराठीत किती शिकवतात? हे विचारायला लाजू नका. पोरगं इंजिनिअरिंगला जाताना आपण विचारतोच की.

फसवणुकीबद्दल दोन शब्द. हॉल भाड्यानं घ्यायचा, गाऊन-टोप्या आणायच्या, पैसे भरतील त्यांना ‘डॉक्टर’ करायचं, हा धंदा आपल्या भागातही पोचला आहे. पुढच्या रविवारपासून नावामागे ‘डॉ.’ लागतं. ज्यानं एक प्रबंध लिहिला नाही, ज्याला ग्रीक-हिब्रूची अक्षरं ओळखता येत नाहीत, त्याच्या नावामागचं ‘डॉ.’ मंडळीनं पत्रिकेवर छापू नये. राग आला तरी चालेल.

घरच्यांनी एका गोष्टीची तयारी ठेवावी. वर्षभरानं मूल सुट्टीत आलं की विचारील, ‘बायबलची पहिली पाचही पुस्तकं मोशेनं खरंच स्वतः लिहिली का?’ आईच्या पोटात गोळा येईल. ‘आमचा पोरगा बिघडला’ म्हणून लगेच पाळकांकडे धावू नका. या प्रश्नावर विद्वान दोनेकशे वर्षं बोलत आहेत आणि त्यातले पुष्कळ जण रोज प्रार्थना करणारे होते. त्याला जेवायला वाढा आणि सविस्तर सांगायला सांगा. तो तुम्हाला न समजणाऱ्या इंग्रजीत सांगू लागला, तर मात्र थांबवा आणि मराठीत सांगायला लावा. मराठीत सांगता आलं नाही, तर त्याला ते अजून कळलेलं नाही, असं खुशाल समजा. पारनेरच्याच सेनापती बापटांनी योगी अरविंदांचा ‘द लाइफ डिव्हाइन’ सारखा डोंगराएवढा ग्रंथ मराठीत आणला. मग आपल्या पोरांना करिंथकरांस पत्र मराठीत समजावून सांगणं जड का जावं?

मुलींना मागे ठेवू नका. मंडळीत भजनाला, आजाऱ्याच्या घरी, मयतीला सगळ्यांत आधी बायकाच पोचतात आणि वर मांडलेले सगळे प्रश्न त्यांच्याच स्वयंपाकघरात येतात. तरी सेमिनरीला पाठवायची वेळ आली की नाव निघतं धाकट्या मुलाचं, ज्याचं दुसरीकडं काही जमलं नाही. असं करू नका. मंडळीतली सगळ्यांत हुशार मुलगी पाठवा.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही एक सांगणं. हा विषय फक्त चर्चवाल्यांचा नाही. गंगाधर मोरजे यांचा ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ नगरमधूनच निघाला. मराठी किंवा इतिहासात एम.ए. करणाऱ्यांना या भागात काम पडलेलं आहे. जुन्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या वह्यांत दुष्काळ, स्थलांतर आणि बदललेली आडनावं दडलेली असतात. वाळवीच्या आधी तिथं विद्यार्थी पोचावेत.

राहिला पैसा. एका कुटुंबावर चार वर्षांचा बोजा टाकू नका. मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या कागदावर ‘विद्यार्थी निधी’ अशी एक ओळ घाला, मग ती रक्कम लहान का असेना. पारनेरची जी माणसं मुंबईला जाऊन स्थिरावली आहेत, त्यांना नाताळला गावी आल्यावर हिशेब दाखवून मागा. स्पीकर आणि मंडपावर जेवढं जातं, त्याचा काही भाग इकडं वळवला तरी एकाची मेस निघते. बदल्यात विद्यार्थ्याकडून एक अट लिहून घ्या: दर सुट्टीत एक संध्याकाळ मंडळीत बसून, जे शिकलो ते मराठीत सांगेन आणि म्हाताऱ्या माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देईन. पहिल्याच संध्याकाळी दसऱ्याच्या पेढ्याचा विषय काढा.