विश्लेषण : कोळंबीच्या व्यापार करारांशी वऱ्हाडातील सोयाबीनचा संबंध काय?

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावले, तेव्हा सर्वाधिक ओरड झाली ती आंध्र प्रदेशातील कोळंबी उत्पादकांची. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अमरावती-अकोल्यात ही बातमी परक्या मुलखाची वाटू शकते. पण ज्या कोळंबीला वऱ्हाडात झिंगे म्हणतात, तिच्या खाद्यात सोयापेंड असते आणि सोयाबीन हे वऱ्हाडातील खरिपाचे मुख्य पीक. मासळीसाठी होणारे करार आणि त्या बदल्यात उघडली जाणारी दारे यांचा हिशेब म्हणूनच इथल्या बाजार समित्यांपर्यंत पोहोचतो.

भारताची मासळी निर्यात किती?

सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या (एम्पेडा) आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे १७ लाख टन मासळी आणि सागरी उत्पादने निर्यात केली. त्यांचे मूल्य ६२,४०८ कोटी रुपये होते. त्यात एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा वाटा ४३,३३४ कोटींचा, म्हणजे दोनतृतीयांशांहून अधिक. सर्वात मोठा ग्राहक अमेरिका. त्या वर्षी डॉलरमधील एकूण निर्यातीपैकी ३६ टक्के माल तिकडे गेला. चीन दुसऱ्या क्रमांकावर होता.

एक माल आणि एक मोठा ग्राहक, ही या व्यापाराची दुखरी नस. अमेरिकेचे ५० टक्के शुल्क आणि आधीपासूनची अँटी-डम्पिंग व अनुदानविरोधी शुल्के मिळून भारतीय कोळंबीवरील भार सुमारे ५८ टक्क्यांवर गेला. स्पर्धक इक्वेडोरला १५, इंडोनेशिया आणि थायलंडला १९, तर व्हिएतनामला २० टक्के शुल्क लागू झाले. एवढ्या फरकात किमतीची स्पर्धा करणे कठीण.

विभागीय करारांनी काय साधते?

दोन किंवा अधिक देश एकमेकांच्या मालावरील शुल्क कमी करतात किंवा काढून टाकतात, तो मुक्त व्यापार करार. मासळीत त्याचा परिणाम लगेच दिसतो. व्हिएतनामचा युरोपीय महासंघाशी करार १ ऑगस्ट २०२० पासून लागू झाला. इक्वेडोरचाही महासंघाशी करार आहे. या दोघांची कच्ची कोळंबी सवलतीत युरोपात जाते, तर भारताला शुल्क भरावे लागते.

ही दरी भरण्याचा एक प्रयत्न म्हणजे २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेला करार. त्यात भारतीय कोळंबीवरील ब्रिटनचे ४.२ ते ८.५ टक्के शुल्क शून्यावर आणण्याची तरतूद आहे. मात्र २०२४-२५ मध्ये ब्रिटनला झालेली मासळी निर्यात दहा कोटी डॉलरच्या आसपास होती, तर अमेरिकेची २७१ कोटी डॉलर. ब्रिटन हा आधार आहे, अमेरिकेला पर्याय नाही.

शिवाय शुल्क शून्य झाले तरी तपासणीची अट राहतेच. प्रतिजैविकांच्या अंशांच्या शंकेमुळे युरोपीय महासंघ २०१६ पासून भारतातून येणाऱ्या शेतीतील कोळंबीच्या निम्म्या खेपा तपासतो. ही अट कोणत्याही शुल्कसवलतीने आपोआप सुटत नाही.

सोयाबीनशी धागा कुठे जुळतो?

सोयाबीन गाळल्यावर साधारण १८ टक्के तेल आणि ८० टक्क्यांच्या आसपास पेंड मिळते. त्यामुळे सोयाबीनचा भाव तेलाइतकाच, किंबहुना अधिक, पेंडीच्या मागणीवर ठरतो. या पेंडीचा सर्वात मोठा ग्राहक कुक्कुटपालन आहे. मत्स्यखाद्याचा वाटा त्याहून बराच लहान असला, तरी तो नगदी आणि निर्यातीशी बांधलेला. कोळंबीच्या उत्पादन खर्चात निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचा असतो. निर्यात अडली की तळ्यात बीज कमी सोडले जाते, खाद्याचा खप घटतो आणि खाद्य स्वस्त करा, अशी मागणी सुरू होते. ते स्वस्त करायचे तर पेंड स्वस्त हवी. समुद्रकिनाऱ्यावरचा ताण वऱ्हाडातील शेतापर्यंत सरकतो, तो असा.

यापूर्वी असे घडले आहे का?

हो, २०२१ मध्ये. त्या वर्षी जुलैअखेर वऱ्हाडातील बाजारांत सोयाबीनने क्विंटलमागे १० हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. पशुखाद्य उद्योगाने पेंड परवडत नसल्याची तक्रार केली. केंद्राने ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या (जीएम) सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. ज्या देशात जीएम सोयाबीन पेरायला परवानगी नाही, तिथे त्याच्या पेंडीला प्रथमच दार उघडले. पेंड हा सजीव घटक नाही, असा आधार त्यासाठी घेण्यात आला.

पुढे नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आले. नव्या आवकेचा दबाव हे त्याचे एक कारण होतेच. पण आयातीच्या निर्णयाने खरेदीदारांना थांबण्याचे बळ मिळाले. जुना माल संपलेला आणि नवा यायचा, अशा काळात चढलेला भाव बहुतेक शेतकऱ्यांच्या वाट्याला आलाच नाही. पडलेला भाव मात्र आला.

कापसाचे काय झाले?

कापसाबाबत तोच क्रम २०२५ मध्ये दिसला. अमेरिकी शुल्काने तयार कपड्यांची निर्यात अडचणीत आली. गिरण्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क स्थगित केले. आधी ही सवलत ३० सप्टेंबरपर्यंत होती. नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. वऱ्हाडात कापूस वेचणीला येतो तो नेमका याच काळात. २०२५ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता, तरी खासगी बाजार त्याखाली राहिला तर सगळा भार भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीवर येतो.

निर्यातदाराला झालेली जखम कच्चा माल पिकवणाऱ्याच्या पैशाने भरून काढण्याची ही पद्धत आहे. निर्यातदाराची अडचण खोटी नसते. प्रश्न असतो तो भार कोणी उचलायचा याचा.

शेजाऱ्यांशी असलेल्या करारांचा परिणाम?

सोयाबीनला करारांचा फटका दुसऱ्या वाटेनेही बसतो. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राच्या (साफ्टा) सवलतीमुळे नेपाळमधून शुद्ध केलेले सोयातेल विनाशुल्क भारतात येते. नेपाळमध्ये सोयाबीन फारसे पिकत नाही. तिथे कच्चे तेल बाहेरून आणून शुद्ध केले जाते. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरील शुल्क वाढवताच ही आवक फुगली आणि सोयातेल नेपाळच्या निर्यातीत अग्रस्थानी पोहोचले. पुढे ३० मे २०२५ रोजी केंद्रानेच कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा स्वस्त चोथा पशुखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला, ती भर वेगळीच. परिणामी ५,३२८ रुपये हमीभाव असलेले सोयाबीन २०२५ च्या हंगामात चार हजारांच्या आसपास विकले गेले. त्यातच अतिवृष्टीने उतारा आणि दर्जा दोन्ही घसरले.

अमेरिकेची मागणी काय होती?

भारताने मका, सोयाबीन आणि त्यांच्या उत्पादनांसाठी बाजार खुला करावा, असा अमेरिकेचा आग्रह २०२५ मध्ये होता. तिथले बहुतांश सोयाबीन जीएम आहे. शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, असे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ७ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीत जाहीर केले. पण वाटाघाटीच्या टेबलावर या तिघांचे हित एकाच बाजूला नसते. कोळंबीवरील शुल्क उतरवून घेण्यासाठी सोयाबीनचे दार उघडले, तर एकाचा लाभ दुसऱ्याच्या खिशातून जाईल.

खारपाणपट्ट्यात कोळंबी पिकेल का?

पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, भातकुलीपासून अकोट, तेल्हारा, बाळापूरपर्यंत भूजल खारे आहे. सिंचनाला निरुपयोगी अशा पाण्यावर हरियाणा, पंजाब, राजस्थानात कोळंबी घेतली जाते. तोच प्रयोग इथे करता येईल, अशी कल्पना त्यामुळे पुढे येते. मात्र जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात बहुधा पोटॅशियम कमी असते आणि ते वरून घालावे लागते. वापरलेले पाणी शेजारच्या शेतात झिरपले तर आधीच चोपण असलेली काळी जमीन आणखी बिघडू शकते. शिवाय शीतगृह, वीज आणि बंदरापर्यंतची वाहतूक हवी. २०२५ मध्ये अमेरिकी शुल्काने आंध्रातील जुने उत्पादक अडचणीत आल्याचे पाहता केवळ निर्यातीच्या भरवशावर उडी घेणे जोखमीचे. त्या तुलनेत शेततळी आणि ऊर्ध्व वर्धा, काटेपूर्णासारख्या धरणांतील गोड्या पाण्याची रोहू-कटला स्थानिक बाजारात खपते. राज्याने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिल्याने कर्ज आणि विजेच्या सवलतींचा मार्गही खुला झाला आहे.

पुढे कशाकडे लक्ष हवे?

भारतीय सोयाबीन जीएम नाही. त्याच्या पेंडीला फ्रान्स, जर्मनीसारख्या देशांत ग्राहक आहेत. युरोपीय महासंघाशी होणाऱ्या व्यापारविषयक चर्चेत कोळंबीबरोबर या पेंडीची बाजू मांडली गेली, तर आंध्रचा मत्स्यशेतकरी आणि वऱ्हाडातील सोयाबीन उत्पादक एका बाजूला येऊ शकतात. त्यासाठी माल कोणत्या शेतातून आला याची नोंद ठेवण्याची तयारी शेतकरी उत्पादक कंपन्यांना करावी लागेल. आणि कुठलाही करार वा आयात सवलत जाहीर झाली, की त्यातील तारखा पाहायला हव्यात. सवलतीची मुदत ऑक्टोबर ते डिसेंबरवर येत असेल, तर तिचा पहिला परिणाम वऱ्हाडातील आवकेच्या हंगामावरच होणार.