पुस्तकांच्या दुकानातला सज्जन

मोबाईलवर ओळख, चार दिवस गोड बोलणे, मग भेट आणि शेवटी प्रेत, असा ज्यांचा सांगाडा असतो, त्या मानसशास्त्रीय रहस्यकादंबऱ्यांना हल्ली मोठा बहर आला आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते. तेव्हा दुसऱ्याच्या बहराचा थोडा हेवा वाटला, तर तो मनुष्यस्वभाव समजावा. पण माझे भांडण त्या लेखकांशी नाही. ते आहे घरातल्या वडीलधाऱ्या वाचकांशी. ही पुस्तके आणि त्यांवरच्या मालिका मुलीपुढे ठेवून ते म्हणतात, “पाहिलेस ना? परक्या मुलाला भेटायला गेले की असे होते!” मी शाळेत शिकवते. धडा वाचून कुणी भलतेच तात्पर्य लिहिले, तर त्यावर तांबडी फुली मारणे हे माझे कामच आहे.

आधी धडा नीट वाचू. कॅरोलिन केप्नेस या अमेरिकन लेखिकेची ‘यू’ ही कादंबरी २०१४ साली निघाली आणि २०१८ पासून तिच्यावरची मालिका जगभर पोचली. तिच्यातला जो गोल्डबर्ग न्यूयॉर्कमध्ये पुस्तकांचे दुकान सांभाळतो. बेक नावाची मुलगी दुकानात येते आणि कार्डाने पैसे देते. कार्डावरच्या नावावरून हा तिचा माग काढतो, तिच्या खिडकीसमोर जाऊन उभा राहतो, पुढे तिचा फोन हाती लागताच तिचा खाजगी पत्रव्यवहार वाचतो आणि आड येणाऱ्यांचा काटा काढतो. अखेर तिचाही जीव घेतो.

आता सांगा, या दोघांची भेट कोठे झाली? कुठल्या ॲपवर नव्हे, मद्यालयात नव्हे, पुस्तकांच्या दुकानात! मुलगा वाचनाचा षौकी आणि बोलण्यात गोड. असे स्थळ सांगून आले असते, तर आपल्यापैकी कितीजणांनी पोह्यांची दुसरी बशी पुढे केली असती!

सारी गोष्ट हा जो स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि आपल्या प्रत्येक दुष्कृत्याला प्रेम म्हणतो. वाचकालाही क्षणभर ते पटते. मालिकेत हे काम करणाऱ्या पेन बॅजली या नटावर २०१९ साली चाहत्यांना सांगण्याची पाळी आली, की अहो, हा मनुष्य खुनी आहे! पण अमेरिकेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. १९९३ च्या ‘डर’ चित्रपटात मुलीचा पिच्छा पुरवून तिचे जगणे नकोसे करणाराच आपल्या प्रेक्षकांच्या लाडका झाला. तिचा नकार म्हणजे लाजरा होकार, हे आपण तीन पिढ्या टाळ्या वाजवून मुलांना शिकवले. जो गोल्डबर्ग त्याच शाळेचा हुशार विद्यार्थी आहे.

संकट मोबाईलने आणले म्हणावे, तर तेही खरे नाही. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुण शिक्षिकेचा खून झाला. मारेकरी तिला एका बारमध्ये भेटला होता. त्यावरून ज्यूडिथ रॉसनरने १९७५ मध्ये ‘लुकिंग फॉर मिस्टर गुडबार’ ही कादंबरी लिहिली. मोबाईल तेव्हा कोणाच्याच हाती नव्हता. तरी चर्चा व्हायची ती खुन्याच्या मनाची नव्हे, ती तेथे गेलीच कशाला याची.

आणि परका म्हणजे तरी कोण? संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ८५,००० स्त्रिया व मुली हेतुपुरस्सर मारल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ५१,१०० जणींना मारणारे त्यांचे पती, जोडीदार किंवा कुटुंबातलीच माणसे होती. उंबऱ्याच्या आतल्या या आकड्यावर रहस्यकादंबरी दाखवून धाक कोणाला घालावा?

ॲपवरच्या भेटीत धोका नाही, असे मी म्हणत नाही. तेथे नाव खोटे असू शकते, छायाचित्र दुसऱ्याचे असू शकते, आणि चौकशी करायला मधला ओळखीचा माणूस नसतो. म्हणून भेट चारचौघांत व्हावी आणि मुलगी कोठे, कोणाबरोबर आहे, हे कुणाला तरी ठाऊक असावे. पण तिने सांगायचे कोणाला? सांगितले की फोन काढून घ्यायचा, कॉलेज बंद करायचे, ही ज्या घराची रीत, तेथली मुलगी जायची राहत नाही, सांगायची राहते. कादंबरीतला जो बेकला तिच्या माणसांपासून तोडण्यासाठी केवढा खटाटोप करतो! येथे तेच काम आईबाप फुकट करून देतात.

आपला कायदा या बाबतीत आपल्यापुढे आहे. स्त्रीने नाखुषी स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार तिचा पाठलाग करणे, किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणे, हा २०१३ पासून आपल्याकडे गुन्हा आहे. आज भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली त्याला पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा मुलगी घराबाहेर का पडली, हे विचारत नाही. मुलगा थांबला का नाही, हे विचारतो.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच. या कादंबऱ्या घरात जरूर येऊ द्या, पण त्या मुलीच्या आधी मुलाच्या हाती द्या. वाचून झाल्यावर त्याला जवळ बसवून एकच प्रश्न विचारा: “बाळ, या माणसाने कोणत्या पानावर मागे फिरायला हवे होते?” त्याने खिडकीचे पान दाखवले, तर त्याला निम्मे गुण द्या. कार्डावरचे नाव वाचून तो शोध घ्यायला बसतो ते पान दाखवले, तर पैकीच्या पैकी.