तिजोरी कुणाच्या बापाची?

दोस्तांनो, अंक रखडला. कागदवाल्याची उधारी फिटली नव्हती. एकजण म्हणाला, सरकारी जाहिरात घे. दुसरा भडकला, मग लेखणीच गहाण टाक की!

मी दोघांनाही 'मूकनायक' आठवून दिला. १९२० साली तो निघाला शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांवर. 'केसरी'नं तर पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. पैसा राजाचा, पण शब्द बाबासाहेबांचेच.

सरकारी तिजोरी कुणाची जहागीर नाय. काडेपेटीवरसुद्धा आपण कर भरतो. बड्या पेपरांना पानपानभर जाहिराती मिळतात, मग आपला वाटा आपण हक्कानं मागायचा. भीक म्हणून नव्हे.

पण अट काय, ते आधी बघायचं. सामुदायिक रेडिओला सरकार परवाना देतं, मदतही देतं. मात्र बातम्या आकाशवाणीच्याच. वस्तीवर हल्ला झाला तरी स्वतःची बातमी द्यायची नाही. असला पैसा म्हणजे तोंडात बोळा.

म्हणून मी म्हणतो, पैसा घ्यायचा तो लेखी नियमानं, मंत्र्याच्या मर्जीनं नव्हे. आणि नुसत्या त्याच्यावर चूल पेटवायची नाही. तुमची वर्गणी थकलीय, दोस्तांनो. ती आधी पाठवा. जयभीम!