पाणी जमिनीला नव्हे, माणसाला

स्वातंत्र्याच्या शताब्दीपर्यंत, म्हणजे 2047 पर्यंत, भारत विकसित राष्ट्र व्हावा हा संकल्प सिद्धीस जाऊ शकतो, अशी या पत्रकाची ठाम धारणा आहे. मात्र विकासाचे मोजमाप केवळ दरडोई उत्पन्नाने, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नास लोकसंख्येने भागून येणाऱ्या सरासरीने केले, तर माण, खटाव, आटपाडी आणि जत हे तालुके त्या सरासरीआड दडून राहतात. पावसाचेही तेच आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला म्हसवडच्या शिवारात 500 मिलिमीटरचीही शाश्वती नसते. या दोहोंची सरासरी कितीही भरघोस आली तरी तिने म्हसवडची एकही विहीर भरत नाही.

सह्याद्रीने ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्याकडे दुष्काळी म्हणून दयेने पाहण्याची सवय राज्यकर्त्यांना जडली आहे आणि ती सर्वस्वी चुकीची आहे, कारण देशाच्या उभारणीचे मोठे विचार याच भागाने दिले आहेत. महात्मा फुले यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, आणि पावसाचे पाणी रानातच मुरावे यासाठी सरकारने ताली-बंधारे घालावेत, ही मागणी त्यांनी 1883 मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ या मार्गाने, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्या श्रमातून शिक्षणाचा खर्च भागवावा या पद्धतीने, रयतेची मुले महाविद्यालयापर्यंत नेली.

याहूनही बोलके उदाहरण तासगाव तालुक्यातील विसापूरचे आहे. तेथे वि. स. पागे यांनी 1965 मध्ये, मागेल त्याला गावातच काम मिळावे, या कल्पनेचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात तिची कसोटी लागली, 1977 मध्ये ती राज्याचा कायदा झाली, आणि तिच्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून शहराने खेड्याच्या श्रमाचे दाम चुकते करण्याची रीत पडली. 2005 मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याच्या मुळाशी विसापूरचा हा अनुभव होता. कामाचा हक्क ज्या मुलखाने देशाला शिकवला, तोच मुलूख पाण्याचा हक्कही शिकवू शकतो.

त्याचीही सुरुवात झालेली आहे. 1982 च्या गिरणी संपानंतर गावी परतलेल्या कामगारांच्या आणि मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढाकाराने खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदूळवाडी या गावांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले, त्यासाठी नदीतील वाळूच्या मर्यादित विक्रीतून पैसा उभा केला आणि भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा वाटा देण्याचे तत्त्व स्वीकारले. समन्यायी पाणीवाटप ते हेच: पाण्याचा हक्क सातबाऱ्यावरील क्षेत्राशी न जोडता माणसाशी जोडणे. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून याच तत्त्वासाठी लढा दिला.

आज टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना, म्हणजे पंपांनी टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवणाऱ्या योजना, कृष्णेचे पाणी कोरड्या माळावर आणत आहेत आणि त्याने लोकांचे जगणे पालटते आहे. साखर कारखानदारीने नदीकाठाला शाळा, रस्ते आणि पत दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु इतकी वीज खर्चून उचललेले पाणी मोकाट पद्धतीने थोड्या जणांच्या उसाला सोडणे आणि शेजारच्या मेंढपाळाला, शेतमजुराला टँकरच्या रांगेत उभे करणे हा उघड अन्याय आहे.

म्हणून ग्रामसभांनी ठराव करावेत की, उपशाचे पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून, पाणी वापर संस्थांमार्फतच दिले जावे. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा वाटा नोंदवला जावा आणि तो त्या घरातील स्त्री-पुरुष दोघांच्या नावे असावा. ठिबकाशिवाय उसाला हे पाणी मिळू नये. आणि प्रत्येक आवर्तनाचा, म्हणजे पाणी सोडण्याच्या प्रत्येक पाळीचा, हिशेब चावडीवर लावला जावा. हे ठराव येत्या रब्बीच्या पहिल्या आवर्तनापूर्वी कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे पोचले पाहिजेत.