जुना ब्रश दुरुस्त करा, केस मात्र बदला

घर आवरताना आजोबांचा दाढीचा ब्रश सापडला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. ‘सुवराचे केस असतील, हात लावू नका’ म्हणून तो कचऱ्यात जातो, नाहीतर आठवण म्हणून शोकेसमध्ये जाऊन बसतो. माझ्या मते दोन्ही नको. मूठ ठेवावी, केस बदलावेत आणि ब्रश वापरावा.

शंका खोटी नाही. स्वस्त ब्रश बहुधा डुकराच्या राठ केसांचे असत, महागडे बॅजर या प्राण्याच्या केसांचे. एक केस उपटून जाळून पाहा. वितळून गोळी झाली तर नायलॉन, पिसं जळाल्यासारखा वास आला तर जनावराचा. मात्र कोणत्या जनावराचा, हे जाळून कळत नाही.

फिकहमध्ये या केसावर जुनी चर्चा आहे. हनफी मजहबात डुक्कर संपूर्ण नापाक. तरीही चामडं शिवणाऱ्याला त्याचा केस गरजेपोटी वापरायची मुभा जुन्या हनफी ग्रंथांत आहे. इमाम अबू यूसुफ यांना तेही पसंत नव्हतं. मालिकी मजहबात मात्र हा केस पाक मानतात. म्हणजे फुकहांनी नियम सांगताना मोच्याच्या पोटाचाही विचार केला होता. आज कृत्रिम धाग्याचे चांगले झुबके मिळतात. त्यामुळे ब्रशपुरती तरी ती गरज उरलेली नाही, आणि वाद घालण्याचंही कारण उरत नाही.

दुसरं कारण तब्येतीचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांचे, नीट जंतुमुक्त न केलेले ब्रश बाजारात आले आणि त्यांतून ब्रिटन-अमेरिकेत अँथ्रॅक्सची लागण झाली. 1920 साली ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. तेव्हा 1930 च्या आधीचा ब्रश असेल तर त्याचे जुने केस कोणत्याही धर्माच्या माणसाने गालाला लावू नयेत.

काम अवघड नाही. जुना झुबका मुळापासून कापायचा, खाचेत उरलेले केस आणि डिंक कोरून काढायचा. खाचेचा व्यास मोजून त्या मापाचा नवा झुबका आणायचा, अराल्डाइटने बसवायचा आणि एक दिवस हात लावायचा नाही. पितळेची मूठ चिंचेने उजळते, लाकडाला जवसाचं तेल पुरतं. मूठ हस्तिदंती असेल तर विकायच्या भानगडीत पडू नका. तो व्यापार कायद्याने बंद आहे.

पण मला खरं बोलायचंय ते ब्रश धरणाऱ्या हाताबद्दल. सोलापुरात विजापूर वेशीपासून साखर पेठेपर्यंत सलूनमध्ये आपण मान विश्वासाने वस्तऱ्याखाली देतो. शुक्रवारी जुम्म्याआधी खत नीट निघालं नाही तर आपल्याला चैन पडत नाही. त्याच माणसाच्या घरातून सोयरिक आली की मात्र बिरादरी आठवते. ‘हज्जाम’ हा शब्द हिजामावरून आला. पैगंबरांनी (स.) अबू तैबा यांच्याकडून हिजामा करून घेतला आणि त्यांना मेहनताना दिला, ही हदीस आपल्या मशिदींत सांगितली जाते. मराठीही यात निर्दोष नाही. कुणाला लुबाडलं की ‘बिनपाण्याने हजामत केली’ म्हणायचं! खरा कारागीर तर पाणी, साबण आणि ब्रश घेऊन आधी दाढी मऊ करतो, मगच पातं लावतो.

सुवराच्या एका केसाबद्दल इतके सावध असणाऱ्या समाजाने माणसाला हलकं लेखण्याबद्दलही तेवढंच सावध असायला हवं. इस्लाममध्ये जातपात नाही असं आपण इतरांना अभिमानाने सांगतो. ते निकाहाच्या बोलणीत दिसलं, तर सांगावंही लागणार नाही.