सेवाग्रामच्या कार्यसंस्कृतीची कसोटी

वर्धा, विशेष प्रतिनिधी : महात्मा गांधी १९३६ मध्ये सेवाग्रामला वास्तव्यास आले. पुढे आश्रमात आलेल्या कुष्ठरुग्ण परचुरेशास्त्रींची शुश्रूषा त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. त्या कृतीने आश्रमाला जे सांगितले, ते कोणत्याही परिपत्रकाला सांगता आले नसते.

गांधीजींच्या निकटवर्तीय डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, जन्मशताब्दी वर्षात, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभारताना हेच सूत्र तिच्या रचनेत बसवले. खादीचा पेहराव, श्रमदान, डॉक्टरांना खासगी व्यवसायास मनाई, नव्या विद्यार्थ्यांसाठी आश्रमात पंधरा दिवसांचे शिबिर, पुढे दत्तक गावात मुक्काम. विशेष म्हणजे प्रवेशपरीक्षेतच गांधीविचारांची प्रश्नपत्रिका होती. तिच्यात घोकंपट्टीला वाव होता, हे खरे. पण येणाऱ्याला आपण कोठे जात आहोत, याची किमान जाणीव असे.

'नीट' लागू झाल्यानंतर ही प्रश्नपत्रिका इतिहासजमा झाली. गुणवत्ता यादीतून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सेवाग्राम हा पसंतीक्रमातील केवळ एक पर्याय असू शकतो. साहजिकच संस्काराचा भार शिबिरावर आणि त्याहून अधिक वरिष्ठांच्या वर्तनावर आला आहे. डॉ. नायर यांचे २००१ मध्ये निधन झाले. खादी नियमाने घालता येते. बाह्यरुग्ण विभागात खेड्यातून आलेल्या वृद्धाशी कोणत्या शब्दांत बोलावे, हे मात्र निवासी डॉक्टर विभागप्रमुखाकडे पाहूनच शिकतो. तो प्रमुख निवडताना संशोधन आणि ज्येष्ठतेच्या जोडीला या गोष्टीला किती वजन मिळते, हा आता कळीचा प्रश्न आहे.